माटुंग्यापासून भीमाकाठापर्यंत

शिरूर-दौंडच्या वस्त्यांवर गोठ्यामागे गोबरगॅसची टाकी दिसते. तिचे मूळ मात्र शेतात नाही, मुंबईतल्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात आहे. १८९७ मध्ये माटुंग्याच्या या आश्रमात, म्हणजे आजच्या वडाळ्याच्या ॲकवर्थ रुग्णालयात, मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवले गेले. गावाने बाहेर काढलेल्या माणसांच्या वस्तीत हे इंधन आपल्याकडे पहिल्यांदा कामाला आले, हे आपल्या शाळेतल्या मुलांना माहीत असायला हवे.

शेणाकडे ही विद्या वळायला चाळीस वर्षे गेली. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३९ च्या सुमारास प्रयोग केले. पुढे १९५१ मध्ये जशभाई पटेल यांनी वरखाली होणाऱ्या लोखंडी ड्रमची ‘ग्रामलक्ष्मी’ बांधली आणि साठच्या दशकात खादी आयोगाने ती गावोगाव नेली. शेण आणि पाणी सारखे घेऊन कुंडीत हाताने कालवायचे, काडीकचरा वेचायचा, मग बोळा काढून काला आत सोडायचा. आत हवा नाही. तिथले जिवाणू शेण कुजवून मिथेन सोडतात आणि सकाळपर्यंत ड्रम वर चढलेला असतो. काल्यावर साय धरू नये म्हणून ड्रम मधूनमधून फिरवावा लागतो. दोन घनमीटरच्या टाकीला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे पाच-सहा जनावरे हवीत. ड्रम गंजे आणि नवा परवडत नसे. त्यातूनच जमिनीत बांधायचे पक्के घुमट आले, १९७८ चे ‘जनता’ आणि १९८४ चे ‘दीनबंधू’.

मैल्याचा धागाही तुटला नाही. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि गोबरगॅसचा ध्यास घेतला. देहूच्या आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. सुहास मापुसकरांनी तो पुढे नेला आणि संडासाला जोडलेले ‘मलप्रभा’ संयंत्र घडवले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने शेणाऐवजी खरकट्यावर चालणारी घरगुती टाकी केली. २००६ चा ॲशडेन पुरस्कार तिला मिळाला.

आता गोठ्याच्या जागी साखर कारखाना आला आहे. १०० टन उसामागे तीन-चार टन प्रेसमड, म्हणजे रस गाळल्यावर उरणारा गाळ, निघते आणि साधारण २५ टन प्रेसमडमधून एक टन सीबीजी, म्हणजे शुद्ध करून दाबलेला बायोगॅस, होतो. २०१८ च्या ‘सतत’ योजनेपासून त्याला गिऱ्हाईकही आहे. पाटसचा कारखाना काय, न्हावऱ्याचा काय, सगळा हा ऊसपट्टाच.

पण हीच प्रेसमड आजवर ट्रॉलीने शेतात जात होती. वायू काढून घेतल्यावरही तिच्यातले नत्र, स्फुरद आणि पालाश स्लरीत उरतात. पाणी पाजून आणि रासायनिक खते टाकून थकलेल्या भीमा-घोडकाठच्या जमिनींना त्यांची गरज आहे. गॅस खुशाल विका. स्लरी मात्र ज्याचा ऊस, त्याच्याच रानात परत गेली पाहिजे. कारखान्याच्या सभासदांनी ही अट वार्षिक सभेत ठरावाने लिहून घ्यावी.