छोटी मोटार आणि मालकाची साक्ष

मोटार विकत घ्यावयाची असें एखाद्या घरांत ठरलें म्हणजे पहिली चौकशी कारखान्याकडे होत नाहीं. ती होते शेजारच्या घरीं. ज्याच्या दारांत ती गाडी दोन-तीन वर्षें उभी आहे त्याला गांठून "कशी काय चालते?" एवढेंच विचारलें जातें, आणि त्याच्या उत्तरावर पुष्कळदां दहा वर्षांची शिल्लक खर्ची पडते. जाहिरात करणारा विकावयास बसलेला, दुकानदाराचा नफा त्यांत गुंतलेला. मालकाला मात्र खोटें बोलण्याचें कांहीं कारण नाहीं, असा या विश्वासामागचा विचार असतो. हा विचार चुकीचा नाहीं, पण अपुरा आहे. मालक खोटें बोलत नाहीं हें खरें. तथापि त्याचें खरें बोलणें नेमकें कशाविषयीं आहे, हा प्रश्न उरतोच. गेल्या सत्तर वर्षांत छोट्या कौटुंबिक मोटारीचा जो इतिहास घडला, त्यांत या प्रश्नाचें उत्तर अनेक वेळां मिळालेलें आहे.

भारतांतील कुटुंबाला मोटार निवडण्याचा प्रश्न पुष्कळ काळ फारसा पडलाच नाहीं. १९५३ सालीं टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनें असें धोरण ठरविलें कीं, ज्या कंपन्या या देशांत संपूर्ण गाडी क्रमाक्रमानें तयार करण्याची योजना देतील त्यांनींच येथें राहावें. परदेशाहून आणलेले भाग नुसते जोडून विकण्याचा व्यवहार पुढें चालूं द्यावयाचा नाहीं. १९२८ पासून मुंबईस गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सनें त्यानंतर आपला कारखाना बंद केला. मागें राहिलेल्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर १९५७ च्या सुमारास तयार होऊं लागली. मद्रासेस स्टँडर्ड कंपनीची हेरल्ड १९६१ पासून निघाली. आणि मुंबईस वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाट ११०० बाहेर पडूं लागली. हीच गाडी पुढें १९७४ सालीं पद्मिनी या नांवानें ओळखली जाऊं लागली.

नांव नोंदविल्यावर गाडी हातीं येण्यास वर्षें लागत. एवढ्या अवधींत होणाऱ्या मालकाला जुन्या मालकांचा सल्ला भरपूर मिळे, आणि तो पोकळ नसे. फियाटचा पत्रा जाड आहे, तिचें इंजिन गल्लींतल्या मिस्त्रीलाही उघडतां येतें, सुटे भाग तालुक्याच्या गांवींही मिळतात, ही त्या सल्ल्याचीं मुख्य कलमें होतीं. मुंबईहून पुण्यास निघालेल्या कुटुंबाला बोरघाटांत रेडिएटर उकळल्यास गाडी कडेला घेऊन इंजिन निवेपर्यंत थांबावें लागे. म्हणून पाण्याचा डबा जवळ ठेवावा, हेंही अनुभवी मालकच सांगे. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. गाडी कोठेंही दुरुस्त होते, या स्तुतींतच ती कोठेंही बिघडूं शकते ही कबुली दडलेली होती. मालकाला ती जाणवत नसे, कारण ज्या दोषाशीं नित्याचा सहवास घडतो तो कांहीं काळानें दोष वाटेनासा होतो.

१४ डिसेंबर १९८३ रोजीं मारुति उद्योगाच्या पहिल्या गाडीची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें दिल्लींत ग्राहकाला देण्यांत आली. जपानच्या सुझुकी कंपनीच्या सहकार्यानें गुरगांव येथें ही गाडी तयार झाली होती. तिचें इंजिन तीन सिलिंडरांचें आणि ७९६ घनसेंटिमीटरांचें; वजन साडेसहाशें किलोंच्या आसपास, म्हणजे पद्मिनीपेक्षां सुमारें पाव टनानें कमी; आणि इंजिनाची शक्ति मागच्या चाकांऐवजीं पुढच्या चाकांना दिलेली. दहा हजार रुपये अनामत भरून नांव नोंदविणारांची संख्या आरंभींच एक लाखाच्या वर गेली होती. तरीही ज्या घरांत फियाटची परंपरा होती तेथें या गाडीला "पत्र्याचा डबा" म्हटलें गेलें. एवढेंसें इंजिन घाट कसें चढणार, हा पातळ पत्रा आमच्या रस्त्यांवर कसा टिकणार, आणि बिघडली तर हिला हात कोण लावणार, असे प्रश्न विचारले गेले.

हे प्रश्न विचारणारे मूर्ख नव्हते. पंचवीस-तीस वर्षांच्या अनुभवानें त्यांना शिकविलें होतें कीं, जड तें टिकाऊ आणि उघडतां येईल तें विश्वासाचें. चूक एवढीच झाली कीं, हा अनुभव ज्या गाड्यांचा होता त्यांची घडण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या दशकांतील होती. हलक्या गाडीला लहान इंजिन पुरतें, आणि नव्या पद्धतीनें काटेकोर बनविलेल्या भागांना मिस्त्रीच्या हाताची गरज मुळांतच कमी लागते, हें त्या अनुभवांत कोठेंही आलेलें नव्हतें. स्वतःच्या गाडीविषयीं त्यांनीं जें सांगितलें तें साक्षीच्या योग्यतेचें होतें. दुसऱ्या गाडीविषयीं सांगितलें तो केवळ तर्क होता. ऐकणाऱ्याला दोन्ही एकाच आवाजांत ऐकूं आलीं. मारुति ८०० पुढें तीस वर्षें निघत राहिली, जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें, आणि तोंपर्यंत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. उलट, ज्या घरांत सहा-सात माणसें एका वेळीं निघत आणि सामान टपावर बांधावें लागे, तेथें जुन्या मालकाचा "मोठीच घ्या" हा सल्ला १९८३ नंतरही चुकीचा नव्हता. सल्ला कोणाच्या गरजेंतून निघाला आणि कोणाच्या गरजेला लावावयाचा, यावर सारें अवलंबून होतें.

मालकाच्या मनाची आणखी एक बाजू अमेरिकेंतील संशोधनानें दाखविली. १९५७ सालीं चार मानसशास्त्रज्ञांनीं नुकतीच मोटार घेतलेल्या लोकांच्या वाचनाची पाहणी प्रसिद्ध केली. आपण घेतली त्याच गाडीच्या जाहिराती हे लोक अधिक वाचीत. घेण्यापूर्वीं ज्या इतर गाड्यांचा त्यांनीं विचार केला होता त्यांच्या जाहिरातींकडे त्यांचें तितकें लक्ष जात नसे. व्यवहार आटोपल्यावर जाहिरात वाचण्याचें वस्तुतः प्रयोजन उरत नाहीं. परंतु मोठी रक्कम खर्चून केलेली निवड योग्यच होती, ही खात्री मनाला पुन्हां पुन्हां हवी असते. लिऑन फेस्टिंगर यांनीं त्याच वर्षीं आपल्या ग्रंथांत मांडलेल्या सिद्धांताला या पाहणीनें दुजोरा दिला. म्हणून नव्या मालकाची स्तुति ऐकतांना ती गाडीची आहे कीं स्वतःच्या निवडीची, हें ओळखणें अवघड असतें. त्याला स्वतःलाही तें ठाऊक नसतें.

मग मालकाला विचारूंच नये काय? तसें मुळींच नाहीं. कसें विचारावें, याचा उत्तम धडा कॅलिफोर्नियांत मिळाला. जेम्स डेव्हिड पॉवर यांनीं १९६८ सालीं तेथें ग्राहकांचीं मतें गोळा करणारी एक लहानशी संस्था काढली. आरंभीचें काम घरच्या टेबलावर पत्नीच्या मदतीनें चाले. त्या काळीं जपानच्या माझ्दा कंपनीच्या लहान कौटुंबिक गाड्या अमेरिकेंत नव्यानें येत होत्या. त्यांचें इंजिन नेहमींच्या दट्ट्यांचें नसून फिरत्या त्रिकोणी चक्राचें होतें, आणि त्याच्या गुळगुळीत चालीची वाहवा होत होती. पॉवर यांनीं मालकांना प्रश्नावली पाठविली. आलेलीं उत्तरें एकत्र लावल्यावर दिसून आलें कीं, तीस ते पन्नास हजार मैलांच्या दरम्यान सुमारें पांचांपैकीं एका मालकाच्या इंजिनांतील पाणी अडविणारें रबरी कडें निकामी झालें होतें. १९७३ सालीं ही गोष्ट वृत्तपत्रांत आली आणि मोटार-उद्योगाला ग्राहकाच्या शब्दाची दखल घ्यावी लागली.

या प्रसंगांतील बोध बारकाईनें पाहण्यासारखा आहे. वीस हजार मैल चालविलेल्या मालकाला कोणी विचारलें असतें, तर "एकदांही त्रास नाहीं" असेंच उत्तर मिळालें असतें, आणि तें शंभर टक्के प्रामाणिक असतें. पन्नास हजार मैल ओलांडलेल्या पांचांपैकीं चौघांनींही तेंच सांगितलें असतें. ज्या पांचव्याचें इंजिन बंद पडलें त्याला शेजारी "तुमचेंच नशीब खोटें" असें म्हणाले असते. एकेकट्या साक्षीनें जें कळलें नसतें तें अनेकांना एकच प्रश्न विचारल्यानें कळलें. प्रश्नही "गाडी चांगली आहे काय?" असा नव्हता, काय मोडलें आणि किती मैलांवर मोडलें, असा होता. मत विचारलें म्हणजे मालक आपल्या निवडीचा वकील होतो. घडलेली गोष्ट विचारली म्हणजे तो साक्षीदार होतो.

साक्षीला तारीखही असते, हें पुण्यानें पाहिलें आहे. संपूर्ण भारतीय रचनेची म्हणून गाजलेली टाटा कंपनीची इंडिका १९९८ च्या डिसेंबरांत पुढें आली. डिझेलवर चालणारी छोटी घरगुती गाडी मध्यमवर्गाला प्रथमच आवांक्यांत दिसली आणि लाखावर नोंदण्या झाल्या. परंतु पहिल्या मालकांकडून आवाज, कंपनें आणि सदोष भाग यांविषयीं तक्रारी येऊं लागल्या. कंपनीनें त्या मनावर घेतल्या, विकलेल्या गाड्यांचे भाग बदलून दिले, आणि २००१ सालीं सुधारलेली व्ही-टू ही आवृत्ति आणली. तिनें गाडीची कीर्ति सांवरली. १९९९ च्या मालकाची तक्रार खरी होती. तीच तक्रार २००२ सालीं गाडी पाहणाऱ्याला जशीच्या तशी सांगितली गेली असेल, तर एका खऱ्या साक्षीनें त्याची दिशाभूल केली असें म्हणावें लागेल.

याच इंडिकेनें दुसराही हिशेब शिकविला. टॅक्सीवाल्यांनीं ती मोठ्या संख्येनें घेतली, आणि डिझेलच्या काटकसरीविषयींचें त्यांचें मत घरोघर पोंचलें. समजा, डिझेलची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षां साठ हजार रुपयांनीं महाग आहे आणि दर किलोमीटरला दीड रुपया वांचविते. हे साठ हजार चाळीस हजार किलोमीटर चालल्यावर भरून निघतील. रोज दोनशें किलोमीटर फिरणाऱ्या टॅक्सीवाल्याला त्यासाठीं दोनशें दिवस पुरतात. मुलांना शाळेंत पोंचवून बाजार करणाऱ्या आणि रोज पंधरा किलोमीटर चालणाऱ्या कुटुंबाला सात वर्षांहून अधिक काळ लागतो. टॅक्सीवाल्याचा अनुभव अस्सल, हिशेबही बिनचूक; पण तो हिशेब त्याच्या घरचा.

शेवटीं एक प्रांत असा आहे कीं, तेथें मालकाची साक्ष मुळीं पोंचतच नाहीं. ज्या जानेवारी महिन्यांत मारुति ८०० चें उत्पादन थांबलें, त्याच महिन्याच्या अखेरीस ग्लोबल एनकॅप या संस्थेनें भारतांत खपणाऱ्या पांच छोट्या गाड्यांच्या टक्कर-चाचणीचे निकाल दिल्लींत जाहीर केले. ताशीं चौसष्ट किलोमीटर वेगानें समोरून आपटलेल्या त्या पांचही गाड्यांना, त्यांच्या हवेच्या उशा नसलेल्या स्वस्त आवृत्तींत, मोठ्या माणसांच्या संरक्षणासाठीं एकही तारा मिळाला नाहीं. त्यांपैकीं फोक्सवॅगनच्या पोलो गाडीचा सांगाडा मजबूत ठरला होता. दोन उशा बसविलेल्या तिच्याच आवृत्तीला चार तारे मिळाले. या गाड्या हजारों कुटुंबें समाधानानें वापरीत होतीं, आणि पत्रा जाड कीं पातळ यावर घरोघर वादही होत होते. परंतु ज्याची गाडी कधीं आपटली नाहीं त्याला या विषयीं कांहीं सांगतां येणें शक्य नव्हतें, आणि ज्याच्यावर तो प्रसंग आला त्याला सांगावयाची संधि मिळेलच असें नव्हतें. २०२३ च्या ऑक्टोबरपासून भारत एनकॅप या नांवानें अशी चाचणी या देशांतच सुरू झाली, ती ही उणीव भरून काढण्याकरितांच.

या साऱ्या इतिहासावरून शेजाऱ्याकडे जाणें सोडावें असें ठरत नाहीं. बसण्याची जागा मागच्या माणसाला पुरते कीं नाहीं, पावसाळ्यांत दार गळतें काय, दुरुस्तीला गाडी दिल्यावर ती सांगितलेल्या दिवशीं परत मिळते काय, हें कोणतीही प्रयोगशाळा सांगत नाहीं. तें मालकालाच ठाऊक असतें. मात्र त्याला विचारतांना त्याची गाडी कोणत्या सालची, किती चाललेली, कोणत्या रस्त्यांवर आणि किती माणसांना घेऊन, हें आधीं विचारावें. काय मोडलें आणि काय खर्च आला तें टिपून घ्यावें. "मग घेऊं कीं नको?" हा प्रश्न मात्र त्याच्याकडे टाकूं नये. त्याचें उत्तर ज्या घरांतून पैसे जावयाचे आणि ज्या घरचीं मुलें मागच्या बाकावर बसावयाचीं, त्या घरानेंच द्यावयाचें असतें.