बोरीच्या विश्रामगृहातील एक रात्र

पचमढीच्या पठारावर कॅप्टन फोर्सिथ यांनी १८६२ साली बांधलेला ‘बायसन लॉज’ हा तेथील पहिला बंगला. सातपुड्यातील वनखात्याचा इतिहास बहुधा तेथूनच सांगितला जातो. मला मात्र तो चार वर्षे आधीपासून सांगावासा वाटतो. १८५८च्या ऑक्टोबर-अखेरीस तात्या टोपे नर्मदा उतरून या डोंगरांत आले, तेव्हा त्यांना साथ देणाऱ्यांत कोरकू जहागीरदार भभूतसिंह होते. पुढे इंग्रजांनी त्यांना पकडून मृत्युदंड दिला आणि त्यांचा मुलूख जप्त केला. त्याच मुलखातील बोरीचे अरण्य १८६५ साली ‘राखीव’ झाले. देशाचा पहिला वनकायदाही त्याच वर्षीचा!

या बोरीच्या वनविश्रामगृहात मी एक रात्र काढली आहे. कंदिलाच्या उजेडात अभिप्रायवही चाळली. पानापानांवर साहेबांचे हुद्दे, सागाची स्तुती, वाघाच्या पाऊलखुणा. कोरकू नाव एकही नाही. वृद्ध चौकीदार स्वतः कोरकू. मी भभूतसिंहांचा विषय काढताच तो ओसरीवर बैठक मारून मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. जंगल जाळून राखेत पेरणी करण्याची आजोबांची शेती राखीव वनात कशी गुन्हा ठरली, हेही त्याने सांगितले. ती शेती वनाला घातक होती, हे फोर्सिथ यांचे मत सर्वस्वी खोटे नव्हे. पण गुन्हा ठरविणारे पंच कोण होते?

तात्यांचे पोवाडे आपण गातो. त्यांना वाट देणाऱ्याचे नाव पचमढी अभयारण्याला देण्याची घोषणा मध्यप्रदेश शासनाने २०२५ साली केली.