चेंडू आणि तळे : महाडच्या काठावरून बाळू पालवणकर

१/ महाडचे चवदार तळे आणि क्रिकेटचे मैदान यांचा परस्परांशी काय संबंध? भारतातील पहिल्या थोर गोलंदाजाची कारकीर्द नीट वाचली, तर हा संबंध उलगडतो. बाळू पालवणकर यांची गोष्ट आज महाडच्या बाजूने वाचू या. #धागा

२/ पालवणकर कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, चर्मकार समाजातले. वडील फौजेत नोकरीला. बाळूंचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाडला झाला. पंधरा वर्षांनी, १८९१ मध्ये, महूच्या छावणीत आणखी एका कोकणी फौजी कुटुंबात भीमराव आंबेडकर जन्मले. फौजेच्या पगारामुळे गावकुसाबाहेर पडलेल्या पिढीची ही दोन अपत्ये.

३/ बाळूंची क्रिकेटमधली पहिली नोकरी मैदान झाडण्याची होती. पुढे पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, हे काम मिळाले. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज. त्याला तासन्‌तास गोलंदाजी करताना या डावखुऱ्या फिरकीला धार आली. फलंदाजी मात्र त्यांना कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकराची!

४/ ही कीर्ती ऐकून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानात तोच चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरे. चहाच्या वेळी मात्र इतर खेळाडू आत बसत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे. चेंडूला विटाळ नव्हता, पाण्याला होता.

५/ प्लेगच्या साथीनंतर कुटुंब मुंबईला आले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. वय ३५, खांदा दुखरा आणि पहिलीच समुद्रयात्रा.

६/ कारकिर्दीचा हिशेब असा : ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनीच जाहीरपणे म्हटले, की हा मान खरे तर बाळूंचा होता. मान्य सगळ्यांना होते, देणारा हात मात्र पुढे येत नव्हता.

७/ १९२० मध्ये कर्णधारपद पुन्हा डावलले गेले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी अंतिम सामन्यात युरोपियनांना नमवले. सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडाजीवन’ या आत्मचरित्रात आपली वाटचाल लिहिली.

८/ आता महाडकडे वळू. त्याच १९२३ च्या ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. महाड, पोलादपूर या परिसरातल्या अस्पृश्य माणसाला मात्र त्या पाण्याची ओंजळ मिळाली नाही.

९/ म्हणून १९ आणि २० मार्च १९२७ ची महाडची परिषद. (योगायोग असा, की १९ मार्चला बाळूंनी वयाची ५१ वर्षे पूर्ण केली.) २० तारखेला बाबासाहेबांसह हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्यांवर हल्ले झाले आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

१०/ ही दोन चित्रे शेजारी ठेवा. मुंबईत अस्पृश्य कर्णधार खांद्यावर मिरवला जातो. त्यानंतर साडेतीन वर्षांत महाडला पाणी पिणाऱ्यांची डोकी फुटतात. पहिल्या चित्रात एका असामान्य गुणवंताला मिळालेली मुभा आहे. दुसऱ्यात सामान्य माणसाने मागितलेला हक्क आहे. समाज पहिल्याला टाळ्या देतो, दुसऱ्याला काठ्या.

११/ पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बाळूंचा कल संयुक्त मतदारसंघाकडे आणि गांधीजींकडे होता. १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे, तशी बाळूंचीही. फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या राखीव जागेसाठी दोघे समोरासमोर आले. काँग्रेसचे उमेदवार बाळू यांना ११,२२५ मते, बाबासाहेबांना १३,२४५.

१२/ पुढच्याच महिन्यात, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या खटल्यात सत्याग्रहींच्या बाजूने निकाल दिला. हक्काला दहा वर्षे लागली, पण तो मिळाला तेव्हा त्याला १७९ बळींची अट नव्हती.

१३/ त्यामुळे बाळू लहान ठरत नाहीत. बाहेर बसून मातीच्या भांड्यातला चहा पिऊन पुन्हा आत येऊन गडी बाद करणे, यालाही धैर्य लागते. १९५५ मध्ये त्यांचे मुंबईत निधन झाले. पण त्यांच्या कारकिर्दीचे कौतुक करताना ‘गुणवत्तेपुढे जात हरली’ असे कोणी म्हणाले, तर एवढेच विचारा : मग महाडला पाण्यासाठी जावे का लागले?