गेमिंग पीसी किती वर्षांनी बदलायचा? ऑफिसचा तीन वर्षांचा हिशेब घरी का चालत नाही

१ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एमआयडीसीची, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात झाली. तेव्हा ही ओळख कारखान्यांची होती. आज त्याच रस्त्यांवर कारखान्यांच्या शेजारी आयटी पार्क आणि बॅक ऑफिसेस उभी आहेत. तिथे दर काही वर्षांनी जुने कॉम्प्युटर जातात आणि नवे येतात.

त्याच ऑफिसांत काम करणारी अनेक तरुण मंडळी संध्याकाळी किसन नगर, सावरकर नगर किंवा लोकमान्य नगरच्या घरी जाऊन स्वतःच्या गेमिंग पीसीवर बसतात. त्या पीसीला तीन वर्षं झाली की प्रश्न पडतो. ऑफिसने मशीन बदललं, मग आपणही बदलायचं का? की फक्त ग्राफिक्स कार्ड नवीन घ्यायचं? की अजून दोन वर्षं थांबायचं?

हा साठ-सत्तर हजारांपासून दीड लाखापर्यंतचा प्रश्न आहे. बऱ्याचदा तो ईएमआयवर सोडवला जातो. म्हणून आधी नीट समजून घेऊ.

तीन वर्षांचा आकडा आला कुठून?

कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात डेस्कटॉप आणि लॅपटॉपचं उपयुक्त आयुष्य ३ वर्षं धरलेलं आहे. सर्व्हरसाठी ते ६ वर्षं आहे. आयकराच्या नियमांत कॉम्प्युटरवर दरवर्षी ४० टक्के घसारा मिळतो. म्हणजे १ लाखाचा कॉम्प्युटर तीन वर्षांनी कागदावर फक्त २१,६०० रुपयांचा उरतो. सुट्या भागांची वॉरंटीही साधारण ३ वर्षांचीच असते.

थोडक्यात, तीन वर्षं हा हिशेबाच्या वहीतला आकडा आहे. त्या दिवशी मशीन संपतं, असा त्याचा अर्थ नाही. शिवाय कंपनीला घसाऱ्यामुळे करात फायदा होतो. पगारदार माणसाला घरच्या पीसीवर तसा काही फायदा मिळत नाही. त्याचा सगळा खर्च खिशातूनच जातो.

मग गेमिंग पीसी खरा जुना कधी होतो?

मोठ्या गेम्सची गरज दरवर्षी थोडी थोडी वाढत नाही. ती पायरीपायरीने वाढते आणि त्या पायऱ्या बऱ्याच अंशी कन्सोल ठरवतात.

प्लेस्टेशन ४ नोव्हेंबर २०१३ मध्ये आला, प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये. मध्ये सात वर्षं गेली. बहुतेक मोठे गेम कन्सोल आणि पीसी दोन्हींसाठी बनतात. त्यामुळे कन्सोलची पिढी चालू आहे तोवर त्याच्या तोडीचा पीसी गेम चालवत राहतो. पिढी बदलली की किमान गरज एकदम वर जाते.

प्लेस्टेशन ५ मध्ये ८ कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी मेमरी आणि वेगवान एसएसडी आहे. त्यानंतर काय झालं बघा. २०२३ मध्ये ‘स्टारफील्ड’ने एसएसडी हवीच असं सांगितलं. डिसेंबर २०२४ मधला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधला ‘डूम: द डार्क एजेस’ यांना रे ट्रेसिंग करू शकणारं ग्राफिक्स कार्ड सक्तीचं झालं.

याउलट ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’सारखे स्पर्धात्मक गेम साध्या मशीनवरही चालावेत, असेच बनवले जातात. फक्त तेच खेळत असाल, तर नव्या ग्राफिक्स कार्डचा फायदा फार कमी मिळतो.

एका कार्डाची गोष्ट: जीटीएक्स १०६०

एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० जुलै २०१६ मध्ये बाजारात आलं. मधल्या दर्जाचं, फुल एचडी स्क्रीनसाठीचं कार्ड. स्टीमच्या मासिक सर्वेक्षणात ते कित्येक वर्षं सर्वाधिक वापरलं जाणारं कार्ड होतं. त्यानंतर २०१८, २०२०, २०२२ आणि २०२५ मध्ये कंपनीने नव्या मालिका आणल्या, म्हणजे साधारण दर दोन वर्षांनी एक. तरी लोकांनी १०६० सोडलं नाही.

या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेम्सचे ड्रायव्हर देणं कंपनीने ऑक्टोबर २०२५ नंतर बंद केलं. सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. म्हणजे या कार्डाने नऊ वर्षं साथ दिली. शेवटची दोन-तीन वर्षं सेटिंग खाली आणावी लागली, हेही खरं. पण नवीन मालिका आली म्हणून हातातलं कार्ड त्याच दिवशी निकामी होत नाही, हे यातून दिसतं.

स्क्रीन बदलली की गणित बदलतं

फुल एचडी स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. १४४०पी वर सुमारे ३६.९ लाख, तर फोरके वर सुमारे ८२.९ लाख. म्हणजे फुल एचडीवरून फोरकेवर गेलात, तर ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये चौपट ठिपके रंगवावे लागतात.

अनेकांचा पीसी जुना झालेला नसतो. सेलमध्ये मोठा मॉनिटर घेतलेला असतो आणि कार्ड त्याला पुरं पडत नसतं. मॉनिटर घेतानाच पुढे कार्डाचा खर्च येणार आहे, हे धरून चालावं.

कोणता भाग किती टिकतो?

पीसी ही एक वस्तू नाही, सात-आठ वस्तूंची मोळी आहे. प्रत्येकीचं वय वेगळं.

• कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड: ८ ते १० वर्षं सहज.
• एसएमपीएस: चांगल्या कंपनीचा असेल तर ५ ते १० वर्षांची वॉरंटी मिळते. इथे पैसे वाचवू नयेत, कारण खराब एसएमपीएस जाताना सोबत इतर भागही नेऊ शकतो.
• प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम: ६ ते ७ वर्षं.
• ग्राफिक्स कार्ड: नवे मोठे गेम खेळणाऱ्यांना ३ ते ५ वर्षं, बाकीच्यांना त्याहून जास्त.

मदरबोर्ड निवडताना सॉकेट बघणं महत्त्वाचं. एएमडीचा एएम४ सॉकेट २०१७ मध्ये रायझनसोबत आला आणि एप्रिल २०२२ मध्ये आलेला ५८००एक्स३डी हा गेमिंगसाठी नावाजलेला प्रोसेसरही त्याच सॉकेटवर बसतो. अनेक जुन्या बोर्डांवर फक्त बायोस अपडेट करून पाच वर्षांनी नवा प्रोसेसर लावता आला. सॉकेट बदलला की मात्र प्रोसेसरसोबत मदरबोर्ड आणि कधी कधी रॅमही घ्यावी लागते.

अडकतंय कुठे, हे आधी शोधा

ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर, किंवा जवळच्या दुकानात जाण्याआधी घरी दहा मिनिटांची एक चाचणी करा. गेममध्ये रिझोल्यूशन कमी करून बघा.

एफपीएस बराच वाढला, तर ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. काहीच फरक पडला नाही, तर प्रोसेसर किंवा रॅम अडवतेय. अशा वेळी महागडं कार्ड घेऊनही गेम तसाच अडखळेल आणि दोष मात्र कार्डाला दिला जाईल.

त्याआधी फुकटातले किंवा स्वस्तातले उपाय करून बघावेत:

• विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट तपासा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच चालू असल्याचं अनेकदा आढळतं.
• रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालते का, ते बायोसमध्ये बघा. एक्सएमपी किंवा एक्स्पो हा पर्याय बंद असू शकतो.
• ८ जीबी रॅम असेल तर १६ करा. गेम अजून हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडी लावा.
• धूळ काढा आणि तीन-चार वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्ट बदला.

ठाण्याच्या हवेत पीसीची काळजी

वागळे इस्टेट आणि आसपास कारखाने, ट्रकची वाहतूक आणि सतत चालणारी बांधकामं आहेत. पंख्यांवर आणि हीटसिंकवर धूळ लवकर साठते. हवा खेळली नाही की प्रोसेसर तापतो आणि ९० ते १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःच वेग कमी करतो. माणसाला वाटतं पीसी म्हातारा झाला. प्रत्यक्षात त्याला फक्त साफसफाई हवी असते. दर तीन महिन्यांनी पुढची जाळी धुवावी आणि ब्लोअर मारावा.

पावसाळ्यात कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. तळमजल्यावरच्या घरात तर नाहीच. दमट दिवसांत पीसी आठवड्यातून दोन-तीनदा तरी चालू करावा, म्हणजे आतली ओल टिकत नाही.

विजेचंही बघायला हवं. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. मोठं कार्ड असलेला पीसी गेम चालू असताना त्याहून जास्त वीज ओढू शकतो. मग लाइट गेल्यावर यूपीएस असूनही पीसी बंद पडतो. नवीन कार्ड घेताना एसएमपीएस आणि यूपीएस दोन्ही पुरतील का, हे आधी मोजावं.

पैशांचा हिशेब कसा बसतो?

उदाहरणासाठी आकडे धरू. पीसी ८० हजारांचा आहे.

पहिला मार्ग: दर तीन वर्षांनी पूर्ण पीसी बदलायचा. जुना ३० हजारांना विकला गेला, तर तीन वर्षांचा खर्च ५० हजार. म्हणजे वर्षाला सुमारे १६,७०० रुपये.

दुसरा मार्ग: सहा वर्षं वापरायचा, मध्येच ३० हजारांचं कार्ड घ्यायचं आणि जुनं १० हजारांना विकायचं. शेवटी सगळं २० हजारांना गेलं, तर एकूण खर्च ८० हजार. वर्षाला सुमारे १३,३०० रुपये.

तिसरा मार्ग: काहीही न बदलता आठ वर्षं वापरायचा आणि शेवटी १० हजारांना विकायचा. वर्षाला ८,७५० रुपये.

पहिल्या आणि दुसऱ्या मार्गात सहा वर्षांत २० हजारांचा फरक पडतो. तरी दुसऱ्या मार्गावरच्या माणसाकडेही निम्मा काळ नवं कार्ड असतं. म्हणून बहुतेकांना हाच मार्ग परवडतो. तिसरा मार्ग जुने किंवा स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्यांना पुरेसा आहे.

ईएमआयवर घेत असाल तर एक साधा नियम पाळा. आधीच्या पीसीचे हप्ते फिटल्याशिवाय पुढच्याचा विचार नको.

थांबून चालत नाही, असं कधी?

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेचे वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. त्यानंतर असुरक्षित पीसीवर नेटबँकिंग करणं धोक्याचं आहे. आणि बहुतेक घरांत गेमिंग, बँक आणि मुलांचा अभ्यास एकाच मशीनवर चालतो.

विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. विंडोज ११ वर ‘व्हॅलोरंट’ टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. ‘बॅटलफील्ड ६’लाही सिक्युअर बूट हवं. पण लगेच नवा पीसी घेऊ नका. ही सोय अनेक मशीनमध्ये असतेच, फक्त बायोसमध्ये बंद असते. ती चालू करायला पैसे लागत नाहीत.

घ्यायची योग्य वेळ कोणती?

बाजार आपल्या सोयीने चालत नाही. २०२१ मध्ये क्रिप्टो मायनिंग आणि चिपच्या टंचाईमुळे ग्राफिक्स कार्ड छापील किमतीच्या कितीतरी वर गेली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि वापरलेली कार्ड बाजारात आली. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमच्या किमती भडकल्या.

म्हणून तारीख ठरवून नव्हे, तर गरज आणि भाव दोन्ही बघून घ्यावं. रॅम महाग असताना आहे तीच रॅम चालणारा बदल करावा. वापरलेलं कार्ड घेताना जीएसटी बिल, सिरीयल नंबर आणि उरलेली वॉरंटी तपासावी आणि समोर अर्धा तास गेम चालवून बघावा.

जुन्याचं काय करायचं?

चालू भाग विकावा किंवा घरच्याच दुसऱ्या पीसीला लावावा. विकण्याआधी एसएसडीवरचा डेटा पूर्ण पुसावा किंवा ती काढून ठेवावी. बंद पडलेले भाग भंगारात देऊ नयेत, कारण तिथे तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तू नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हव्यात.

थोडक्यात

पीसी बदलण्याची वेळ कॅलेंडरवर लिहिलेली नसते. तुम्हाला खेळायचा गेम चालत नाही, सेटिंग कमी करून आणि साफसफाई करूनही चालत नाही, किंवा सुरक्षेचे अपडेट कायमचे थांबले, तर बदला. बदलतानाही जो भाग अडवतोय तेवढाच आधी बदला. साधारण तीन-चार वर्षांनी ग्राफिक्स कार्ड आणि सहा-सात वर्षांनी प्रोसेसर-मदरबोर्ड, हा बहुतेकांसाठी पुरेसा अंदाज आहे. गेम नीट चालतोय आणि अपडेट येतायत, तर सेलची जाहिरात खुशाल पुढे सरकवा.