एका खेड्याची झडती

इतिहास म्हटला म्हणजे आपल्यापुढें लढाया, तह आणि वंशावळी उभ्या राहतात. परंतु नांगराच्या तासालाहि इतिहास असतो आणि तो लिहावयास बखरीइतकेच जमाखर्चाचे कागद उपयोगी पडतात. हें आम्हां दक्षिणेंतील सुशिक्षितांस पटवून दिलें, तें एका इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें.

डॉ. हॅरॉल्ड मॅन हे १९०७ सालीं पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. माती आणि खतें हा त्यांचा मूळ विषय. पण सुधारलेलें बीं शेतकऱ्यास सांगण्यापूर्वीं तें घेण्याची त्याची ऐपत आहे काय, या प्रश्नाचें उत्तर प्रयोगशाळेंत मिळणारें नव्हतें. पुण्यांतील अस्पृश्य वर्गाच्या स्थितीविषयीं त्यांनीं १९१२ सालींच लिहिलें होतें. त्याच दृष्टीनें पुढें त्यांनीं पुण्याजवळचें पिंपळे सौदागर हें गांव निवडलें. आणि शेत, कर्ज, मिळकत व खर्च यांची घरोघर झडती घेऊन १९१७ सालीं आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें.

निष्कर्ष कोणासहि सुखावणारे नव्हते. १७७१ सालीं या गांवीं एका खातेदाराकडे सरासरीनें सुमारें ४० एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती, आणि तीहि एका ठिकाणीं नव्हे, तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेली! बाहेरची मजुरी जमेस धरूनहि बहुसंख्य कुटुंबांचा मेळ बसत नव्हता. शहराजवळच्या एका गांवावरून दख्खनची परीक्षा कशी करावी, ही शंका रास्त होती. म्हणून श्री. कानिटकर यांच्या सहकार्यानें त्यांनीं जातेगांव बुद्रुक हें दूरचें कोरडवाहू गांव तपासलें. १९२१ सालीं तोहि वृत्तांत बाहेर आला, आणि तेथील चित्र अधिकच उदास निघालें.

येथें एक विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. मोजणीनें कोणाचें पोट भरत नाहीं. तुकडेबंदीचा कायदा मुंबई इलाख्यांत १९४७ सालीं झाला, म्हणजे पहिल्या पुस्तकानंतर तीस वर्षांनीं. आणि केवळ कायद्यानें भावांच्या वांटण्या थांबतात असेंहि नाहीं. मग या खटाटोपाचें फळ काय? माझ्या मतें हेंच कीं, ‘शेतकरी आळशी व उधळ्या’ हें सोईस्कर मत त्या आंकड्यांपुढें पूर्वीच्या निश्चिंतपणानें उच्चारतां येईना. दारिद्र्याचें खापर स्वभावावर फोडण्याची पळवाट अरुंद झाली.

आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड शहरांत मिसळून गेलें आहे, आणि नांगराच्या जागीं उंच इमारती उभ्या आहेत. माझे कांहीं विद्यार्थी तेथेंच राहतात. आपल्या घराखालची जमीन कोणाची होती, असें वर्गांत विचारलें तेव्हां सारे स्तब्ध राहिले. परमुलुखांतून आलेल्या अध्यापकानें जें आस्थेनें पाहिलें, तें आम्हीं आमच्या मुलांस दाखविलें नाहीं. हा दोष त्यांचा नव्हे, आम्हां शिक्षकांचा आहे.