भीमेचा गाळ आणि दिविसीमेचा किनारा

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसच्या परिसरात मुळा-मुठा भीमेला मिळते. पलीकडे दौंड तालुका. इथे समुद्र म्हटले की कोकण आठवते, पण इथल्या पाण्याची वाट पूर्वेची. उजनी, पंढरपूर, रायचूरजवळ कृष्णा, आणि शेवटी आंध्रातल्या दिविसीमेपाशी बंगालचा उपसागर. कृष्णेने आणलेल्या पोयट्यावरच दिविसीमा उभी आहे. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी चक्रीवादळाने तिथे समुद्र पाच मीटरांच्या आसपास उंचावून आत लोटला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. अशा लोंढ्याचा जोर मोडणारी किनाऱ्यावरची दलदल आणि तिवरांची जंगले का घटली, याची चौकशी नेहमी किनाऱ्यावरच होते. कोळंबीच्या तळ्यांसाठी झालेली तोड हे त्याचे खरे कारण आहेच, पण अर्धेच. उरलेले अर्धे शोधायला भीमेसारख्या उपनद्यांच्या काठाने वर यावे लागते.

त्रिभुज प्रदेशातली माती आपल्याच भाराने दबत, खचत असते. दरवर्षीच्या पुराने नवा थर टाकला तरच ती भरतीच्या पातळीवर टिकते, आणि तिवरांची मुळे त्याच थरात रुजतात. थर थांबला की झाड न तोडताही जंगल पाण्याखाली जाऊ लागते. आंध्र विद्यापीठाचे के. नागेश्वर राव आणि सहकाऱ्यांनी २०१० साली या घसरणीचा हिशेब मांडला. १९५०च्या दशकात कृष्णेतून त्रिभुज प्रदेशात वर्षाला सुमारे २,१८० टीएमसी पाणी पोचत होते. २००० ते २००८ या काळात ते ४२० टीएमसीच्या आत आले. गाळाची घट त्याहून भयंकर आहे: १९६६-६९ मध्ये ९० लाख टन, २०००-०५ मध्ये केवळ ४ लाख टन. बाकीचा गाळ भीमेवरच्या उजनीसारख्या धरणांमागे अडला. कृष्णा आणि गोदावरी यांच्या किनाऱ्यांची मिळून ७६ चौरस किलोमीटर जमीन १९६५ ते २००८ दरम्यान समुद्राने गिळली. अमेरिकेत मिसिसिपीच्या मुखाशी हेच घडले. वरच्या धरणांनी गाळ अडवला, काठच्या बांधांनी उरलेला दलदलीत पसरू दिला नाही, आणि २००५ साली कॅटरिना वादळ आले तेव्हा न्यू ऑर्लिन्ससमोरची दलदल कितीतरी विरळ झालेली होती.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: उजनी धरण पुरे झाले १९८० साली, मग १९७७च्या मृत्यूंचा दोष त्याला कसा? तसा तो देताच येत नाही. त्या वेळी माणसे गेली ती मुख्यतः इशारे आणि निवारे नव्हते म्हणून. ओडिशातल्या केंद्रापाड्याच्या गावांवर १९९९च्या महावादळाचा परिणाम सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी तपासला. वेळेवर मिळालेल्या इशाऱ्याने जंगलापेक्षा जास्त जीव वाचवले, असेच त्यांनाही दिसले. पण तिवरांचा पट्टा रुंद होता त्या गावांत मृत्यू कमी होते, हेही त्यांनीच दाखवले. इशाऱ्याने माणूस हलवता येतो, त्याचे शेत आणि घर नाही. दुसरा आक्षेप असा की भीमेचा गाळ उजनीत अडला नसता तर खाली कृष्णेवरच्या नागार्जुनसागरासारख्या धरणात अडला असता. खरे आहे. म्हणूनच हा एका धरणाचा गुन्हा नाही, साऱ्या खोऱ्याच्या हिशेबातली चूक आहे. बच्छावत लवादाने कृष्णेचे पाणी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी असे मोजून दिले. गाळाचा वाटा त्या वाटपात नव्हता. बहात्तरचा दुष्काळ भोगलेल्या मुलखाला धरण पाडा असे सांगणे क्रूरपणाचे ठरेल, आणि उजनीवाचून सोलापूर जिल्ह्याची शेती कल्पनेतही येत नाही. पण पाणी हवे म्हणून गाळही कायमचा अडवून ठेवला पाहिजे, असे त्यातून निघत नाही. पुराच्या पहिल्या गढूळ लोंढ्याला खालच्या दरवाजांतून वाट देण्याची रीत जगातल्या काही धरणांवर आहे. इथे ती कुठे आणि किती जमेल, हे प्रत्येक धरणाच्या बांधणीवर ठरेल, पण प्रश्न विचारला तर पाहिजे. भीमेच्या पात्रातला वाळूउपसाही याच खात्यात मांडावा लागेल.

२०१७ पासून महाराष्ट्रात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. तिच्यातला गाळ शेतात जातो, तो चांगल्या कामी येतो, पण नदीत परतत नाही. तिकडे कृष्णेच्या मुखाशी माशाच्या काट्यासारखे चर खणून भरतीचे पाणी आत घेतले जाते आणि कडेने तिवरांची रोपे लावली जातात. रोपे जगतात, वाढतात. त्यांच्या पायाखाली दरवर्षी पडायचा थर मात्र वरून यायचा आहे.