मजुमदार आणि मुजुमदार

आमच्या धर्मग्रामात एका बंगाली कुटुंबातील बालकाचा स्नानसंस्कार झाला. नोंदवहीत आडनाव लिहिताना आमची लेखणी अडखळली. ‘मजुमदार’ लिहावे की ‘मुजुमदार’? दुसरे रूप पुणेकरांच्या चांगल्या ओळखीचे. कसबा पेठेतील सरदार मुजुमदारांचा वाडा आणि संगीताचे आश्रयदाते आबासाहेब मुजुमदार येथे सर्वांस ठाऊक आहेत. विधी आटोपल्यावर कोणीतरी त्या मातापित्यांस विचारले, ‘‘तुम्ही मूळचे कोण?’’ खरे सांगावयाचे, तर हा प्रश्न आमच्याही मनात डोकावला होता.

त्याचे उत्तर शब्दातच आहे. अरबी ‘मज्मूआ’ म्हणजे एकत्र केलेली बेरीज. आपला नित्याचा ‘जमा’ हा शब्द त्याच धातूपासून आलेला. त्याला बाळगणारा या अर्थाचा फारसी ‘दार’ जोडला, की हिशेब सांभाळणारा अधिकारी होतो. फारसी ही राजदरबाराची भाषा होती. तिच्याबरोबर हे पद बंगालात गेले, तसेच दख्खनेतही रुजले.

बंगालात जहांगीर बादशहाच्या काळी नदियाचे भवानंद मजुमदार प्रसिद्धीस आले. इतिहासकार रमेशचंद्र मजुमदार (१८८८-१९८०) तर आपल्या काळातले. इकडे शिवछत्रपतींच्या कारभारात निळो सोनदेव मुजुमदार होते. १६७४ साली राज्याभिषेक झाला, फारसी पदनामांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले आणि मुजुमदाराचा ‘अमात्य’ झाला. निळोपंतांचे पुत्र रामचंद्रपंत इतिहासाला अमात्य म्हणूनच परिचित आहेत. तरी जुना शब्द लोपला नाही. पेशवाईतही हिशेब तपासणारा अधिकारी मुजुमदारच म्हणविला जाई. पुढे राज्य गेले, पद गेले. आडनाव तेवढे उरले.

आडनाव ऐकताच जात आणि धर्म ताडण्याची आपणा सर्वांस खोड आहे. येथे मात्र तिचा निभाव लागत नाही. बंगालात हे आडनाव ब्राह्मण लावतात, कायस्थ लावतात आणि मुसलमानही लावतात. कोणा पूर्वजावर विश्वास ठेवून त्याच्या हाती हिशेब सोपविला गेला, एवढेच ते आपणांस सांगते. अधिक विचारण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

त्या मातापित्यांनी जसे उच्चारले, तसेच ‘मजुमदार’ आम्ही वहीत लिहिले. मूळ प्रांताविषयी एक रकाना होता, तो भरला. कुळाविषयी रकाना नव्हता, याचे त्या दिवशी आम्हांस समाधान वाटले.